शूटच्या आधी जागा बघायला जावं का, आणि गेलात तर काय बघायचं?

डिचोलीहून एका तरुण फोटोग्राफरने विचारलंय. लग्नाची कामं तो चार वर्षं करतोय आणि आता पहिलंच मोठं प्री-वेडिंग हाती आलंय. जोडपं कोल्हापूरचं, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकच दिवस गोव्यात असणार. त्यांना हिरवं शेत, पोर्तुगीज धाटणीचं जुनं घर आणि समुद्रावरचा सूर्यास्त असं तिन्ही हवंय. आधी जाऊन जागा बघायलाच हवी का, की गूगल मॅप आणि इन्स्टाग्रामवर भागतं? गेलो तर नेमकं काय बघायचं? आणि त्या फेरीचे पैसे लावायचे का?

जायला हवं. म्हापशात स्टुडिओ टाकून मला बावीस वर्षं झाली, तरी रोजच्या पायाखालच्या किनाऱ्यावरही शूटच्या आठवड्यात मी एक फेरी मारतोच. मात्र ती फेरी कधी मारता यावर सगळं आहे. रेकी म्हणून आपली पोरं निघतात ती काम नसेल तेव्हा, म्हणजे सकाळी अकराच्या सुमारास. जागा झकास आहे, गाडी जाते, चहाची टपरी आहे एवढं बघतात, फोनवर चार फोटो काढतात आणि परत येतात. ती सहल झाली. शूट संध्याकाळी साडेपाचला असेल तर जागा साडेपाचलाच बघा. सकाळचं असेल तर अंधारात उठून जा. शक्यतो आठवड्याचा वारही तोच धरा. शुक्रवारी सुनसान दिसलेला किनारा रविवारी संध्याकाळी ओळखू येत नाही.

तुमच्या दिवसाचं गणित आधी मांडू. डिसेंबरच्या मध्याला पणजीत सूर्य उगवतो सातला सहा-सात मिनिटं कमी असताना आणि मावळतो सहा वाजून पाच-सहा मिनिटांनी. परदेशी व्हिडिओंत ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात तो तासभराचा प्रकार आपल्याकडे नसतो. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. इथे सूर्य तिरका घसरत जात नाही, जवळजवळ उभाच खाली येतो. क्षितिजाच्या सहा अंश वर आल्यापासून बुडेपर्यंत, म्हणजे ऊन खरोखर सोनेरी असतं तेवढा वेळ, डिसेंबरात जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांचा. बुडाल्यावर चेहरा टिपण्याजोगा उजेड आणखी वीसेक मिनिटं. असा सगळा मिळून पाऊण तास. त्यात पार्किंगपासून पाण्यापर्यंत लेहंगा सावरत चालायला बारा मिनिटं, नवरीने पाणी मागितलं, नवऱ्याच्या बुटात वाळू गेली, ड्रोनवाल्याची बॅटरी गाडीतच राहिली, की उरलं काय? म्हणून रेकीला मी घड्याळ लावून चालतो, आणि आलेल्या आकड्याची दुप्पट वेळ वहीत लिहितो.

बोटांनी वेळ मोजायची युक्ती तुम्हाला ठाऊक असेल. हात लांब करायचा, बोटं आडवी धरायची, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघायचं. एका बोटाला पंधरा मिनिटं असं सांगतात. तो हिशेब थंड मुलखातला. आपल्याकडे डिसेंबरात एका बोटाला आठ-नऊ मिनिटं धरा. पंधरावर विसंबून मी एकदा नवरीला ‘तासभर आहे, निवांत तयार व्हा’ म्हटलं होतं आणि अर्ध्या तासात सूर्य गेला. प्रत्येकाच्या बोटांची जाडी वेगळी, तेव्हा रेकीच्या संध्याकाळी स्वतःच्या बोटांनी मोजून, घड्याळाशी ताडून बघा. एकदाच करायचं काम आहे.

आता दिशा. सूर्य रोज बरोबर पश्चिमेला मावळत नाही हे भूगोलात शिकलो, पण कॅमेरा हातात आला की विसरतो. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात तो पश्चिमेच्या चोवीस अंश दक्षिणेला बुडतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. वर्षभरात जवळजवळ एकोणपन्नास अंशांची फेरी. त्यात आपला किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही, नकाशा बघाल तर किंचित तिरका, तोंड थोडं नैर्ऋत्येकडे. त्यामुळे डिसेंबरात सूर्य साधारण समोर बुडतो आणि मे-जूनमध्ये बराच उजवीकडे सरकलेला असतो. लांबलचक उघड्या किनाऱ्यावर याने फारसं बिघडत नाही. छोट्या, दोन्ही बाजूंना डोंगराचं नाक असलेल्या किनाऱ्यावर मात्र घोटाळा होतो. मे महिन्यात पाण्यात बुडालेला सूर्य डिसेंबरात डाव्या हाताच्या टेकडीमागे अर्धा तास आधीच नाहीसा होतो आणि सगळा किनारा निळ्या सावलीत जातो. इन्स्टाग्रामवरचा फोटो कोणत्या महिन्यातला हे कळत नाही, त्यामुळे त्यावरून ठरवू नका. सनसीकर, फोटोपिल्स, द फोटोग्राफर्स इफेमेरिस यांपैकी कुठलंही एक ॲप घ्या, शूटची तारीख टाका आणि जागेवर उभं राहून रेघ कुठून जाते ते बघा. टेकडी, माड, हॉटेलची इमारत, मध्ये काय येतं ते तिथेच कळतं.

पूर्वेच्या तालुक्यांत हेच उलटं होतं. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणचा आतला भाग, इथे पूर्वेला सह्याद्री उभा. पंचांगातला सूर्योदय तिथे कामाचा नाही. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ पूर्वाभिमुख आहे, कदंबांच्या काळातलं, काळ्या बसाल्टचं. पूर्वाभिमुख म्हणजे सातला ऊन दारात, असं समजून गेलात तर थंडीत कुडकुडत बसाल. डोंगर आणि झाडं ओलांडून ऊन खाली यायला बराच वेळ लागतो. आणि आलं की ते सोनेरी नसतं, पांढरं असतं. ती जागा मला उन्हाआधीच्या थंड उजेडात जास्त आवडते. पण हे फोटोत बघून सुचलं नाही, तिथे दीड तास बसून सुचलं.

भरती-ओहोटीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण सगळ्यात महागात तेच पडलंय. बेळगावचं एक जोडपं होतं. आश्वेच्या किनाऱ्यावर खडकांत साचलेल्या पाण्याच्या डबक्यांत आकाश दिसतं, तसा फोटो त्यांना हवा होता. मी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन आलो. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी, खडक उघडे, डबकी तुडुंब. उभं राहायची जागासुद्धा ठरवली, एका खडकावर खडूने फुली मारली. आठ दिवसांनी शूट. पोचलो तर खडक नाहीत, वाळू नाही, फुली तर कुठली असायला! पाणी वरच्या कोरड्या वाळूच्या कडेपर्यंत आलेलं आणि शॅकवाला, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळीचा माणूस, खाटा मागे ओढतोय. जोडप्याने मला काही म्हटलं नाही. पण नवरीच्या वडिलांनी ‘तुम्ही बघून गेला होतात ना?’ एवढं विचारलं, ते मला अजून ऐकू येतं.

चूक साधी होती. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवडाभरात सहा तासांचा फरक पडतो, म्हणजे ज्या वेळी ओहोटी होती त्याच वेळी भरती. रेकी आणि शूट यांच्यात बरोबर एक आठवडा ठेवणं म्हणजे हमखास उलटं चित्र बघून येणं. दोन आठवडे ठेवलेत तर पुन्हा जवळपास तीच स्थिती भेटते. जुने रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मासेमार, तिथीवरून वेळ काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे सकाळी अकराच्या पुढेमागे भरती आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. थोडक्यात, सूर्यास्ताला ओली वाळू आणि उघडे खडक हवेत तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस धरा, आणि अष्टमी-नवमी टाळा. अष्टमीची भरती भांगाची असते, उधाणाइतकी चढत नाही, तरी माझे खडक बुडवायला तिला पुरेसं पाणी होतं. हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडे तिकडे होतो. म्हणून तारीख पक्की करताना इनकॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर मुरगाव बंदराच्या वेळा बघाव्यात. तुमच्या पाहुण्यांची तारीख अजून हलण्यासारखी असेल तर कॅलेंडरातली तिथी बघून आजच फोन करा.

किनाऱ्याबद्दल आणखी दोन गोष्टी. शॅक पावसाळ्यापूर्वी उतरवतात आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा उभारतात, त्यामुळे सप्टेंबरात बघितलेला मोकळा किनारा डिसेंबरात खाटा, छत्र्या आणि रंगीत दिव्यांनी भरलेला असतो. आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हंगाम तुमच्याच महिन्यांत सुरू होतो. कुंपण घातलेल्या भागाजवळ फ्लॅश, एलईडी दिवे, रंगीत धुराच्या कांड्या असलं काही नको. वनखात्याचे लोक हटकतात आणि बरोबर करतात.

वारा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, मंद असतो. दुपारपासून खारे वारे सुरू होतात, तीन-चारला जोरात, सूर्यास्ताकडे उतरतात. ओढणी उडवायची असेल तर चार-साडेचार चांगलं. केस जागेवर हवेत तर सकाळ. त्या खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर जो चिकट थर बसतो तो फोनच्या पडद्यावर दिसत नाही, घरी गेल्यावर दिसतो.

हिरव्या शेताबद्दल तुमच्या पाहुण्यांना आधीच सांगून टाका: डिसेंबरात ते नसतं. त्यांनी बघितलेले फोटो ऑगस्ट-सप्टेंबरचे. पावसाळी भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून झालेलं असतं. शेतात उरतात धसकटं, चरणारी गुरं आणि पांढरे बगळे. डोंगरमाथ्यावरचे सडेही तोवर पिवळे पडलेले. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची, शेती जिथे करतात तिथे तरव्याचे, म्हणजे भाताच्या रोपांचे, लहान लहान हिरवेगार तुकडे दिसतात, बाकी शेत चिखलाचं. पूर्ण हिरवळ पुढे जानेवारीच्या शेवटी वगैरे. हा ऋतूचा फरक किती टोकाचा असू शकतो ते बघायचं असेल तर कुर्डीला जा. मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. जानेवारीत तिथे गेलात तर नुसतं पाणी. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती, वाटा, झाडांचे खुंट वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. एका मासिकाच्या माणसाने मला फेब्रुवारीत फोन करून ‘परवा कुर्डीचे अवशेष टिपून द्या’ म्हटलं होतं. पाणबुड्या पाठवावा लागेल म्हटलं.

पण शेताचा विचार सोडून देऊ नका, हिरव्याऐवजी पाण्याचा करा. खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, बघा. चोडण बेटावर मी एकदा अशीच रेकी करत होतो. कापलेलं शेत, भेगाळलेली जमीन, काही दम नव्हता. बांधावर मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या, फळ्यांशी एक म्हातारेबाब काहीतरी खटपट करत होते. मी निघताना त्यांनी विचारलं, ‘फोटो काडूंक केन्ना येतले?’ रविवारी म्हटलं. तर म्हणाले, ‘आयतारा? आयतारा हांगा उदक आसतलें.’ मानस उघडून शेतात पाणी घेणार होते, मासळीसाठी. रविवारी सकाळी साडेसहाला गेलो तर त्याच भेगाळलेल्या जमिनीवर घोटाभर पाणी, वारा पडलेला, पलीकडचे माड उलटे उभे आणि पाण्यावर धुक्याची पट्टी. त्या दिवशीचा एक फोटो आजही स्टुडिओच्या भिंतीवर आहे. ते दोन मिनिटं बोलले नसते तर मी ती जागा वहीतून खोडून टाकली होती. तेव्हापासून रेकीला गेलो की तिथे रोज असणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय मी निघत नाही. फेरीबोटीवरचा माणूस, मिठागरावरची बाई, देवळापुढचा फुलवाला. ‘अमुक वारी, अमुक वाजता इथे काय असतं?’ एवढाच प्रश्न. जत्रा, फुटबॉलची मॅच, पाण्याचा टँकर, कोणाच्या तरी घरचं बारसं, सगळं कळतं.

माडांच्या बागेत विचारायचा प्रश्न वेगळा: पाडेली कधी येऊन गेला? नारळ उतरवून झाले असतील तर ठीक. नसतील तर नवरा-नवरीला त्या झाडाखाली उभं करू नका. हसू नका. माझ्या सहायकापासून दोन हातांवर एक नारळ पडला, मातीत खड्डा झाला आणि त्या पोराने तिथेच काम सोडायची भाषा केली.

जुनं घर. इथे सगळ्यांची धाव पणजीतल्या फोंतेन्य या जुन्या वस्तीकडे. तिथे लोक राहतात, त्यांना दाराशी दर तासाला नवा लेहंगा नको असतो, फोटोला मनाई केलेल्या पाट्या लागल्यात आणि माझ्या मते त्यांची बाजू खरी आहे. पर्रा गावच्या माडांच्या रस्त्याचंही तसंच झालं. तिथे तर २०१९ मध्ये पंचायतीने फोटोला शुल्क लावलं होतं, बोंब झाल्यावर मागे घेतलं. मी हल्ली दिवाडी, शिवोली, हळदोणे, लोटली अशा गावांतलं एखादं घर गाठतो, मालकाला भेटतो, किती माणसं येणार, किती वेळ लागेल, कपडे बदलायला खोली मिळेल का, हे समोर बसून बोलतो. पैसे ठरवतो, आणि फोटो नंतर छापून नेऊन देतो. फोटो नेऊन देणं विसरू नका, पुढच्या वेळी दार त्यानेच उघडतं.

घराचं तोंड कुठे, ते होकायंत्राने बघा. पूर्वेला तोंड असेल तर सकाळी दर्शनी भिंतीवर थेट ऊन, आणि दुपारनंतर तीच भिंत मऊ सावलीत. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीत, बसलेल्या जोडप्याचे फोटो त्या सावलीत फार छान येतात. पश्चिमेला तोंड असेल तर हेच काम सकाळी आटपा. आणि भिंतीचा रंग नुसता डोळ्यांनी बघू नका. पांढरा कागद घ्या, भिंतीपासून दोन हातांवर सहायकाच्या गालाशी धरा आणि फोनवर फोटो काढा. पिवळ्या भिंतीजवळ कागद पिवळा दिसतो, निळ्या भिंतीजवळ निळसर, लाल मातीच्या अंगणात खालून हनुवटीला तांबूस झाक, दाट माडांखाली हिरवट. तीच झाक नवरीच्या गालावर येणार. एडिटिंगमध्ये काढता येते, पण अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा आकाशाचा निळा असेल तर रात्री दोन वाजेपर्यंत बसावं लागतं. दोन पावलं मागे सरकलं की बरंचसं सुटतं.

पावसाळ्यानंतर भिंतींवर काळे ओघळ असतात. बरेच जण नाताळाआधी रंग लावतात, म्हणजे तुमच्या आठवड्यात घराला परांच्या बांधलेल्या असण्याची शक्यता आहे. आधी विचारून ठेवा. सगळं विचारूनही फसतं, ही गोष्ट वेगळी. दिवाडीला सगळं ठरवून शूटच्या सकाळी पोचलो तर घरासमोर चपलांची रांग. रात्री आजी गेल्या होत्या. हात जोडून पाच मिनिटं उभे राहिलो आणि निघालो. त्या दिवशी वाचवलं ते त्याच वाड्यातल्या दुसऱ्या घराने, जे मी रेकीला ‘असू दे’ म्हणून टिपून ठेवलं होतं. प्रत्येक जागेला दहा मिनिटांच्या अंतरावर दुसरी हवीच. आणि निघण्याआधी एक फोन.

परवानग्यांचं फार लांबवत नाही. जुन्या गोव्यातली चर्चेस, आग्वादचा वरचा किल्ला अशा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जागांवर हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, ट्रायपॉड किंवा दिवे काढलेत की लेखी परवानगी मागतात. देवळात देवस्थान समितीला विचारा, चर्चमध्ये पाद्रींना, आणि कोणत्या वेळी पूजा किंवा मीस (चर्चमधली प्रार्थना) आहे ते बघूनच जा. अभयारण्याच्या हद्दीत वनखातं. धबधब्यांवर तर भरवसा ठेवूच नका. २०२३ च्या जुलैत बुडून मृत्यू झाल्यावर अभयारण्यातल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी आली होती, असे आदेश एका दिवसात निघतात. ड्रोन उडवायचा असेल तर कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा बघितल्याशिवाय पेटीतून काढू नका. दाबोळीला नौदलाचा तळ, वर पेडण्यात मोपाचा विमानतळ, दोघांच्या मध्ये आपला एवढासा गोवा. चित्रपट-जाहिरातींच्या मोठ्या चित्रीकरणासाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा आहे. तुमच्यासारख्या दोन माणसांच्या कामाला बहुतेक ठिकाणी पंचायत आणि जागेचा मालक एवढं पुरतं, पण विचारून घ्या.

एक मात्र पक्कं करा. तोंडी ‘हां, करा’ म्हणणारा माणूस आणि शूटच्या दिवशी फाटकावर उभा असलेला माणूस वेगळा असतो. एका रिसॉर्टच्या मॅनेजरने मला फोनवर होकार दिला होता, त्या दिवशी तो सुट्टीवर आणि राखणदाराला काही ठाऊक नाही. चाळीस मिनिटं फाटकावर गेली, तीही सोनेरी उजेडातली. आता मी होकार मेसेजवर लिहून घेतो आणि रेकीला गेलो की राखणदाराशीही ओळख करून येतो.

जागेवर गेल्यावर मी करतो ते असं. आधी कॅमेरा, फोन काही काढत नाही, दहा मिनिटं नुसता फिरतो. मग जिथे जोडप्याला उभं करायचं तिथे सहायकाला उभं करतो आणि त्याच्या मागचं बघण्याऐवजी त्याच्या समोरचं, म्हणजे माझ्या पाठीमागचं बघतो. चेहऱ्यावर पडणारा उजेड तिथूनच येतो. पाठीमागे पांढरी भिंत किंवा उघडी वाळू असेल तर फुकटचा रिफ्लेक्टर मिळाला, काळा डांबरी रस्ता आणि गर्द आंब्याचं झाड असेल तर दिवा न्यावा लागणार. मग वर बघतो. विजेच्या तारा, केबलची वेटोळी, मोबाइल टॉवर. गोव्यात सुंदर घरासमोरून तार जात नसेल तर ते घर नकाशावर नाही असं समजा. गुडघ्यावर बसून एक फोटो, कारण तिथून तारा वर आकाशात जातात आणि खालचा कचरा गवताआड लपतो. चारही दिशांचे फोटो, लोकेशनची पिन, आणि फोनवर स्वतःच्याच आवाजात दोन मिनिटांची नोंद: गाडी कुठे लावली, नेटवर्क आहे का, संडास कुठे, सावली किती वाजता कुठे आली. पणजीत मांडवीकाठी असाल तर कॅसिनोची बोट कुठे नांगरलीय तेही. नदीतल्या सूर्यास्ताच्या किती फोटोंत ती बोट घुसून बसलीय याची मोजदाद नाही.

तुमच्या दिवसापुरतं सांगायचं तर सकाळी साडेसहाला घराजवळचं एखादं खाजन किंवा तळं, थंडीत तिकडे धुकं मिळतं. साडेआठ ते साडेदहा जुनं घर, पश्चिमेला तोंड असलेलं बघा. मग पाहुण्यांना जेवू द्या, झोपू द्या. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य पन्नास अंशांच्या आसपासच असतो, एप्रिल-मेसारखा डोक्यावर येत नाही, त्यामुळे अगदीच अडलं तर तीनला सावलीत काम होतं, पण थकलेले चेहरे कुठल्याही उजेडात थकलेलेच दिसतात. साडेचारला किनाऱ्यावर, पाचला तयार. तिन्ही जागा एका तासाच्या ड्राइव्हमध्ये ठेवा. मांद्रेहून काणकोण एका दिवसात करणाऱ्यांचे फोटो मी बघितलेत, अर्धे गाडीतले आहेत. आणि वीस डिसेंबरच्या पुढे तारीख सरकवू म्हणाले तर नाही म्हणा, त्या दिवसांत गाडीतून उतरताच येत नाही.

पैशांचं. लावा. माझ्या कोटेशनमध्ये रेकी ही वेगळी ओळ असते, अर्ध्या दिवसाचा दर आणि पेट्रोल. सुरुवातीला लाजायचो, एकूण रकमेत मुरवून टाकायचो, मग घासाघीस झाली की पहिला बळी रेकीचाच जायचा. वेगळी ओळ असली की गिऱ्हाईक विचारतं, ‘हे काय?’ त्या वेळी रेकीच्या दिवशी फोनवर काढलेले फोटो, वेळ लिहून, त्यांना पाठवतो: हे तुमचं शेत, हे साडेपाचचं ऊन, इथे तुम्ही उभे असाल. कोल्हापूरच्या पाहुण्यांना हिरवं शेत मिळणार नाही हे फोनवर समजावण्यापेक्षा चिखलातल्या बगळ्यांचा एक फोटो आणि पाण्यात उलट्या दिसणाऱ्या माडांचा दुसरा पाठवा, आणि कुठला हवा ते त्यांना ठरवू द्या.